जेएआयआयबी, आम्ही सहा जण आणि दुसरा-चौथा शनिवार

आधी जेएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षेतला माझा पहिला निकाल सांगते, म्हणजे पुढचं का लिहितेय ते कळेल. पीपीबी (बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार) ५६, आरबीडब्ल्यूएम (रिटेल बँकिंग आणि वेल्थ मॅनेजमेंट) ६१, आयई-आयएफएस (भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तव्यवस्था) ४७ आणि एएफएम (अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट) ३९. चार पेपर, प्रत्येकी १०० मार्कांचे, पासिंग ५०. म्हणजे दोन गेले. पण खरी जखम पुढे आहे. नियम असा आहे की एकाच प्रयत्नात चारही पेपरमध्ये किमान ४५ आणि सगळे मिळून सरासरी ५० टक्के असतील तरी पास धरतात. माझी बेरीज २०३ होती, म्हणजे सरासरी ५० च्या वर, आणि ४७ सुद्धा त्यात खपले असते. एएफएममध्ये फक्त सहा मार्क जास्त पडले असते तर एका झटक्यात सगळं सुटलं असतं. हे मला कळलं ब्रँचमधून परत येताना, पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर, आणि मी बस आली तरी तशीच उभी राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेएआयआयबी ही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची परीक्षा, बँकेत काम करणाऱ्यांसाठी. वर्षातून दोनदा होते. पास झालं की इन्क्रिमेंट मिळतं आणि प्रमोशनच्या वेळी उपयोग होतो, म्हणून सगळे देतात आणि निम्म्याहून जास्त लोक "बघू पुढच्या वेळी" म्हणत ढकलत राहतात. मीही चार वर्षं तेच केलं. पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा आधी मेंबरशिप घ्यावी लागली, १५०० अधिक जीएसटी, मग परीक्षेची फी ४००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२०. दुसऱ्या प्रयत्नाला फी १३०० अधिक जीएसटी, १५३४. आमच्या बँकेत पास झाल्यावर फी परत मिळते, नापास झालो तर आपली आपणच सोसायची.

एक छोटी गोष्ट आधीच सांगून ठेवते. ब्रँचमधल्या एका सिनियरने प्रेमाने स्वतःची तीन जुनी पुस्तकं दिली होती. मी आठवडाभर त्यातलं वाचलं आणि मग कळलं की ती जुन्या सिलॅबसची आहेत, तेव्हा तीन पेपर होते, २०२३ पासून चार झालेत. जुनी पुस्तकं घेताना कव्हर नाही, अनुक्रमणिका बघा.

तर पहिला प्रयत्न मी एकटीने दिला होता. सकाळी साडेआठला घर सोडायचं, संध्याकाळी सात-साडेसातला नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून सुटून इंदिरानगरला पोचायचं, मग स्वयंपाक, मग मुलाचा अभ्यास, आणि रात्री दहाला पुस्तक उघडलं की सव्वादहाला मान खाली. व्हिडीओ लावून ऐकायचे. ऐकताना सगळं कळतंय असं वाटायचं, पेपरमध्ये चार पर्याय समोर आले की चारही ओळखीचे वाटायचे. हे "ओळखीचं वाटणं" फार घातक असतं.

ग्रुपची कल्पना माझी नव्हती. एका ट्रेनिंगमध्ये भेटलेल्या, सिन्नरच्या ब्रँचला असलेल्या मैत्रिणीचा फोन आला, तीही एएफएमला अडकलेली. मग ओळखीतून ओळख काढत सहा जण झालो, तीन वेगवेगळ्या बँकांचे. आम्ही एकमेकांना ब्रँचच्या गावावरूनच हाक मारायचो, ती सवय अजून गेली नाही. सिन्नर म्हणजे माझी मैत्रीण, घरात दीड वर्षाचं बाळ. लासलगाव म्हणजे पंचविशीतला शेती कर्जाचा ऑफिसर, सगळं ठासून बोलणारा. दिंडोरी मूळची ओडिशाची, मराठी समजायचं पण बोलायची हिंदीत, आणि कमी बोलायची. सातपूर हा पीडीएफवाला, त्याच्याबद्दल पुढे. आणि ओझर म्हणजे ओझर काका, हवाई दलातून रिटायर होऊन बँकेत क्लार्क म्हणून लागलेले, वय ४७. मी पिंपळगाव.

पहिली भेट ११ जानेवारी, दुसरा शनिवार. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, रविवारी कुणाच्या घरी कुणी सोडणार नाही, म्हणून शनिवार ठरला. कॉलेज रोडच्या एका कॅफेत भेटलो. दोन तास बसलो, साडेनऊशे रुपये बिल झालं, गाणी इतकी मोठ्याने की काका प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणत होते. अभ्यास किती झाला तर ग्रुपचं नाव काय ठेवायचं इतका. लायब्ररीच्या अभ्यासिकेत तर बोलायचीच सोय नसते, आणि आम्हाला बोलायचंच तर होतं. शेवटी आमच्या सोसायटीच्या हॉलची चावी मिळाली, लाइटबिलापोटी दर वेळी १५० रुपये, म्हणजे डोक्यामागे पंचवीस. दहा ते एक. चहा माझ्याकडून, पोहे नाहीत. पोहे आले की तासभर जातो हे कॅफेत शिकलो होतो.

त्या दिवशी कॅलेंडर काढून शनिवार मोजले. मेपर्यंत आठ. त्यातला २२ मार्चचा म्हणजे इयर-एंडिंगच्या तोंडावरचा, तो गेला असंच धरायचं. उरले सात, आणि त्यातला एक कॅफेत घालवून झाला होता. आकडा बघून सगळे गप्प झाले, आणि मला वाटतं तिथेच ग्रुप खरा सुरू झाला.

पण लगेच नीट झाला असं नाही. पहिले दोन आठवडे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे सातपूरची गोदाम-सेवा होती. रोज सकाळी पीडीएफ. शॉर्ट नोट्स, सुपर शॉर्ट नोट्स, वन-लायनर, कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवरचे "आलेले प्रश्न". मी मोजल्या, १२ दिवसांत ४३ फायली. उघडल्या किती? दोन. तरी प्रत्येक फाईल आली की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं, आणि त्याच वेळी आपण मागे पडतोय असंही वाटायचं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. दिंडोरीने, जी कधी बोलायची नाही तिने, एक दिवस लिहिलं की "मैं म्यूट कर रही हूँ, कुछ ज़रूरी हो तो फोन करना". त्यानंतर नियम झाला की ग्रुपवर फाईल टाकायची नाही. टाकायचाच असेल तर स्वतः बनवलेला एक प्रश्न टाकायचा. आणि ते "आलेले प्रश्न" तर नकोच, परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं नियमात बसत नाही, आणि त्यातली निम्मी उत्तरंही चुकीची होती. सातपूर आठवडाभर रुसला होता, मग सुधारला.

आमचं खरं काम ज्याने झालं ती पद्धत ही. प्रत्येकाला एक विषय द्यायचा, त्याने त्यावर दहा प्रश्न स्वतः बनवून आणायचे, चार पर्यायांसकट. आणि बरोबर उत्तर सांगून भागत नाही, उरलेले तीन पर्याय का चूक ते सांगायचं. करून बघा, चूक पर्याय बनवायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. मला गार्निशी ऑर्डर (घेणेकऱ्यासाठी ग्राहकाचं खातं रोखायचा कोर्टाचा आदेश) आणि इन्कम टॅक्सची ॲटॅचमेंट ऑर्डर (थकलेल्या करासाठी खातं जप्त करायचा आदेश) यातला फरक त्या चुकीच्या पर्यायामुळे कळला. तोपर्यंत ब्रँचमध्ये ऑर्डर आली की होल्ड मार्क करायचा एवढंच माहीत होतं.

क्लेटनचा नियम कसा समजला ते मुद्दाम सांगते, कारण तो दिवस मला अजून दिसतो. काकांकडे तो विषय होता. त्यांनी पुस्तकातली व्याख्या वाचली, चालू खात्यात आधी नावे पडलेली रक्कम आधी फिटते, वगैरे. कुणाच्या डोक्यात काही गेलं नाही. लासलगाव म्हणाला, "काका, कांद्याच्या चाळीसारखं आहे का? आधी भरलेला आधी बाहेर?" काकांनी खडू घेतला, आमच्या हॉलमध्ये मुलांच्या चित्रकलेचा फळा आहे, त्यावर लिहिलं. भागीदारी फर्मचं ओव्हरड्राफ्ट खातं, एक भागीदार वारला त्या दिवशी येणं २ लाख. बँकेने खातं थांबवलं नाही. त्यानंतर खात्यात दीड लाख जमा झाले आणि दीड लाख परत काढले गेले. आता येणं किती? आम्ही सगळे ओरडलो, २ लाख. "बरोबर. पण वारलेल्या भागीदाराच्या मालमत्तेकडून किती मागता येतील?" शांतता. ५० हजार. कारण जमा झालेल्या दीड लाखांनी आधीचं जुनं येणं फिटलं, नंतरचे दीड लाख हे नवं कर्ज, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. सिन्नर म्हणाली, "म्हणजे म्हणून आपण खातं स्टॉप करतो!" सहा वर्षं ती खाती स्टॉप करत होती, का ते त्या दिवशी कळलं.

याच पद्धतीने आम्ही एकदा सगळे मिळून खड्ड्यातही गेलो. शेती कर्ज एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, कधी धरतात हा भाग अर्थात लासलगावकडे. त्याने सांगितलं, कमी मुदतीच्या पिकाला एक हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, "मोठं पीक, मोठी मुदत, साधं लॉजिक आहे". इतकं पटलं की आम्ही वहीत लिहून चौकट पण केली. एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकाच वेळी मॉक टेस्ट सोडवली, आणि सहापैकी पाच जणांचं एकच उत्तर, तेच, चूक. खरं उलटं आहे. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकलं की एनपीए, जास्त मुदतीच्या पिकाला एक, कारण त्या पिकाचा हंगामच मुळात वर्षाहून मोठा धरलेला असतो. ज्या एकीचं बरोबर आलं ती दिंडोरी. तिला विचारलं तेव्हाच का नाही बोललीस, तर म्हणाली, "सब इतने श्योर थे". मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. कुणीही काहीही सांगितलं की पुस्तकाचं पान दाखवायचं, मग तो दहा वर्षं त्याच टेबलवर बसलेला का असेना. आणि चर्चेत सुरुवात दिंडोरीपासून करायची, ठासून बोलणारे शेवटी.

हे बँकवाल्यांनी खास लक्षात ठेवा. आपल्याला ब्रँचमध्ये कसं चालतं ते माहीत असतं, आणि परीक्षा विचारते कसं लिहिलंय ते. दोन्ही दर वेळी एक नसतं. "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य आमच्या हॉलमध्ये शिवीसारखं झालं होतं.

फॉर्मच्या भानगडी मधेच चालू होत्या. आधी नॉर्मल फीची मुदत असते, ती गेली की लेट फी लागते. आम्ही पाच जणांनी एकत्र बसून एकाच दिवशी भरले. सातपूरने "उद्या भरतो" करत ढकललं, लेट फी दिली आणि सेंटरही आमच्यापेक्षा वेगळं, शहराच्या दुसऱ्या टोकाला आलं. सिन्नरचं वेगळंच निघालं, मेंबरशिप माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने. पहिल्या वेळी तिने जुनं पॅन दाखवून भागवलं होतं, ते आता बदललेलं. लग्नाचा दाखला जोडून नाव बदलायचा अर्ज केला, काही दिवस धाकधुकीत गेले, झालं एकदाचं. मुलींनो, मेंबरशिपवरचं नाव आणि जे ओळखपत्र नेणार त्यावरचं नाव आत्ताच ताडून बघा, हॉलतिकीट आल्यावर नाही.

मार्च. मार्चबद्दल काय लिहू, जे बँकेत आहेत त्यांना माहीत आहे, जे नाहीत त्यांना पटणार नाही. ८ मार्चला भेटलो, २२ ला कुणीच नाही. ग्रुप मरतो तो अशा वेळी, एक शनिवार चुकतो, मग पुढच्याला जायची लाज वाटते. म्हणून आम्ही मंगळवार आणि गुरुवारी रात्री साडेनऊ ते सव्वादहा फोनवर एकत्र यायचो, व्हिडीओ बंद, काहीही तयारी न करता, फक्त प्रत्येकाने आपल्या चुकांच्या वहीतला एक प्रश्न विचारायचा. चुकांची वही म्हणजे जे चुकलं तेवढंच लिहायचं, बाकी काही नाही. सिन्नर बाळाला झोपवत कुजबुजत उत्तरं द्यायची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदा मी ब्रँचमधूनच, पावणेदहाला, फोन स्पीकरवर ठेवून उत्तर दिलं आणि मॅनेजर साहेबांनी मागून ते दुरुस्त केलं.

एप्रिलचे दोन्ही शनिवार फक्त एएफएम. इथे माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या वेळी मी गणितं वाचली होती, सोडवली नव्हती. डेप्रिसिएशन, बीआरएस (आपल्या वहीतली आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळवणं), बाँडची किंमत, ईएमआय, सगळं वाचून कळतं. ब्रँचमध्ये सिस्टीम सगळं करते ना, हाताने करायची सवयच गेलेली. परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालतो, १२ अंकी, बेरीज-वजाबाकी-टक्के-वर्गमूळवाला, सायंटिफिक नाही. मग घात कसे काढायचे? महिना १ टक्का व्याज, १२ महिने, म्हणजे १.०१ चा बारावा घात. कॅसिओवर १.०१ दाबून गुणिलेचं बटण दोनदा, मग बरोबरचं बटण अकरा वेळा. उत्तर १.१२६८ आलं पाहिजे. माझं येत होतं, सिन्नरचं येत नव्हतं, आम्ही अर्धा तास भांडलो, मग लक्षात आलं तिचा सिटिझनचा आहे आणि त्यावर गुणिले एकदाच दाबायचं असतं. जो कॅल्क्युलेटर नेणार त्यावरच सराव करा, नवऱ्याचा, भावाचा ऐन वेळी नेऊ नका. आणि बरोबरचं बटण मोजताना मनात आकडे म्हणा, काका ओठ हलवून म्हणायचे, आम्ही हसायचो, मग सगळेच म्हणायला लागलो.

परीक्षा मेमध्ये. मला दोनच पेपर, पास झालेले दोन परत द्यावे लागत नाहीत, तीन वर्षं आणि पाच प्रयत्न एवढी मुदत असते. तरी मी पीपीबीच्या शनिवारांनाही गेले होते, कारण माझ्या वेळी बाकीचे येणार होते. १०० प्रश्न, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचा नाही. नाशिकचं ऊन, सेंटरच्या बाहेर झाड एक आणि उमेदवार शंभर. मोबाईल आत चालत नाही, घरी ठेवा नाहीतर सोबत कुणाला तरी न्या. एएफएमच्या दिवशी पहिले दहा प्रश्न बघून माझे हात थंड पडले होते. मी थिअरीचे सगळे आधी केले, गणितं रिव्ह्यूला टाकली, तासाभराने परत आले. एक बीआरएसचं गणित अगदी आमच्या हॉलमधलं होतं, असं नाही, पण त्याच्या भावाचं होतं म्हणा.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवायची नाहीत असं ठरलेलं. लासलगावने गेटवरच सुरुवात केली, काकांनी त्याला मिसळ खायला ओढत नेलं.

निकाल लागेपर्यंतचे आठवडे वाईट असतात, दिवसातून चारदा साइट उघडायची. शेवटी लागला तेव्हा मी कॅश काउंटरवर होते, मोबाईल ड्रॉवरमध्ये, तीन वाजेपर्यंत बघता आला नाही. एएफएम ५८, आयई-आयएफएस ५४. आनंद झाला का? झाला, पण आधी ग्रुप उघडला. दिंडोरी चारही पेपर पास, सिन्नरचं एएफएम निघालं, सातपूरचे तीन, लासलगावचे तीन. काकांचं काहीच आलं नव्हतं. त्यांचा मेसेज रात्री आला, "एएफएम ४४. बाकी ओके. सगळ्यांचं अभिनंदन." मी बाकीच्या तिन्हींचे मार्क विचारून बेरीज केली, लगेच, सवयीने. सरासरी ५० च्या वर होती. म्हणजे एका मार्काने, तोच नियम, तीच जखम. काय लिहावं कळेना. मी फोन केला तर ते म्हणाले, "अगं, १.०१ चा घात दहाच वेळा दाबला बहुतेक."

आता पुढचा फॉर्म सुरू झालाय. काकांना एकच पेपर आहे, लासलगाव आणि सातपूरलाही एकेक, आणि दिंडोरी सीएआयआयबीचं, म्हणजे यापुढच्या परीक्षेचं, विचारत होती. हॉलची चावी मीच आणते, १५० रुपये अजून तेवढेच आहेत. काकांना मी माझा कॅसिओ देऊन टाकलाय, गेल्या शनिवारी ते फळ्यासमोर उभं राहून अकरा मोजत होते, मोठ्याने.